जागा आधी

कास्त्रोच्या धक्क्यामागे, शिंपल्यांच्या गोदामावर
भरती-ओहोटीची कचेरी. दोन खोल्या, लाकडाची शेगडी.
एदुविना चिग्वायचा प्रोग्राम
मंगळवारी सांजावताना सुरू झाला.
आज गुरुवार, पुन्हा सांज,
आणि पडद्यावर अजून नव्याण्णव साल.

पहिली दोन वर्षं बटाटे शिजेस्तोवर उरकली होती.
मग चाल मंदावत गेली,
चढावर ओझेवाल्याची मंदावते तशी.

तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन निकानोर येतो.
तीस वर्षं मापक त्याच्याच ताब्यात.
"समुद्रसुद्धा इतका रेंगाळत नाही," म्हणतो.

ती समजावायला लागते.
मेमरीत आकडे एका ओळीत राहतात, खांद्याला खांदा लावून.
नवा आला, तर शेजारची जागा दुसऱ्याच कुणाची.
मग लांब कुठेतरी मोठा पट्टा शोधायचा,
सगळ्यांना उचलून तिथे न्यायचं,
नव्याला दाराशी टेकवायचं, जुनी जागा सोडायची.
तेवढ्यात पुढचा येतो.

"मग परत सगळे?"
"परत सगळे."

निकानोर शेगडीत फाटा सारतो.
"म्हणजे मिंगा."

मिंगा दोघांनीही पाहिलीय.
अख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवून
बैलांच्या सहा जोड्या टेकडीपलीकडे ओढतात,
आत बशा तशाच, मांजरही.
गाव दोर धरतं, घरधनी मेंढा कापतो,
आणि पुढची तीस वर्षं
त्या घराला कुणी हलवायचं नाव काढत नाही.

तिचा प्रोग्राम मिनिटामिनिटाला घर ओढत होता.
एकेका पाहुण्यासाठी.
विंचवाचं बिऱ्हाड निदान विंचवाला पेलेल एवढं असतं;
याच्या पाठीवर सोळा वर्षांचं पाणी.

"एकूण किती?"
दोन कोटी दहा लाख अडतीस हजार चारशे,
ती वहीत न बघता सांगते,
आणि सांगतासांगता तिचे कान तापतात.
माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
चाळीस वर्षं, त्यात दहा लीप,
दिवसाची चौदाशे चाळीस मिनिटं,
शाळकरी पोराचा गुणाकार.
पंगत केवढी ते ठाऊक असून
ती दर माणसागणिक एक पान आणायला
बाजारात धावत होती.

दोन दिवसांचं काम ती एका बोटानं मारते.
लूपच्या डोक्यावर एकच ओळ:
इतकी जागा, सलग, आत्ताच.
आणि लूपच्या पोटातलं "जोड" खोडून
"या मिनिटाचा हा क्रमांक, तिथे ठेव."

(किती येणार हे खरोखरच ठाऊक नसेल तर
घर भरलं की दुप्पट घ्यावं.
ओढाओढ चुकत नाही, पण पंचवीसेक वेळाच.
पावसाच्या आकड्यांसाठी
एवढं ती वहीच्या कडेला टिपून ठेवते.)

केटली ठेवून ती वळते, तो
दोन हजार तेवीस.
डिसेंबर एकतीस.

मग तिला ते भगदाड दिसतं.
जुन्या रीतीत जो येई तो आधीच्याला चिकटून बसे,
न आलेल्याची जागा आपोआप मिटे,
कुणाला चुकल्याचुकल्यासारखंही होत नसे.
आता दर मिनिटाला स्वतःचा पाट,
आणि दोन हजार सहाच्या जुलैत
सत्तावीस हजार तीनशे साठ पाट
रिकामे.
शून्य नव्हे. शून्य म्हणजे पाणी खुणेवर आलं.
रिकामे.

निकानोर वाकून बघतो. बराच वेळ.
"एकोणीस दिवस," तो म्हणतो.
"एल्विरा पुएर्तो मोंतला इस्पितळात होती.
तार इथे तुटली, मला कळलंसुद्धा नाही."

"चंद्राच्या हिशेबानं भरता येतात," एदुविना सांगते.
"असं?"
तो वेटोळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो.

ती फाइल तशीच ठेवते.
केटली आत्ता कुठे उकळते आहे.